आधी त्याचं, मग तुझं

४ फेब्रुवारी

प्रिय दातोबा,

तुझं म्हणणं असं: ताई पत्राचं उत्तर महिन्याभरानं देते, आणि दिलं तरी ते तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखं असतं. निवृत्ती म्हणजे काढलेला दात. चार दिवस जीभ तिथे जात राहते, मग खड्डा भरून येतो. तेव्हा ताईनं उगाच गळा काढू नये.

बरोबर? हो म्हण. म्हणणार नाहीस, ठाऊक आहे. पन्नास वर्षांत तू मला 'जवळजवळ'च्या पुढे काही दिलेलं नाहीस. तुझ्या आईनं स्वयंपाकघरात नियम घातला तेव्हा त्यात 'जवळजवळ' नव्हतं. आधी त्याचं सांग, त्यानं हो म्हटलं की मग तुझं. दोन भांडखोर मावसभावंडांना गप्प करायला मावशीनं काढलेली युक्ती. मी त्यावर आयुष्यभर नोकरी केली. तू अजून पळवाटा शोधतोस.

आता माझं.

माझा अभ्यासक्रम बंद करायचं घाटतं आहे. 'रोजचा युक्तिवाद'. मी जूनमध्ये जाणार, माझ्याबरोबर तोही. एप्रिलमध्ये सभा आहे. प्रस्ताव नव्या अधिष्ठात्याचा. हा अधिष्ठाता कोण, तर पणराव. माझ्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतला. प्रत्येक वाक्य 'पण मॅडम'नं सुरू करायचा. खरं नाव हजेरीपटावर राहिलं.

तू नेहमी विचारतोस, तत्त्वज्ञानाच्या विभागात बसून तू शिकवतेस तरी काय. मी लागले तेव्हा तर्कशास्त्र म्हणजे फळाभर चिन्हं. मी म्हटलं, मुलांनी वाद बाहेरून आणावेत. घरमालकाची नोटीस, साबणाची जाहिरात, आईनं दिलेला नकार. तो वाद उलगडायचा: दावा कोणता, कारण कोणतं, दोघांमध्ये न बोललेलं काय. आमचे वरिष्ठ प्राध्यापक म्हणाले, "बाई, हे तर्कशास्त्र नव्हे. ही नळावरची भांडणं." मी म्हटलं, "सर, माणसं नळावरच भांडतात. फळ्यावर कोणी भांडत नाही." पहिल्या वर्षी बाकीचे वर्ग भरले म्हणून सातजण आले. आता पायऱ्यांवर बसतात. फळ्याच्या वर मावशीचा नियम रंगवून घेतला आहे. रंग दोनदा उडाला, दोनदा लावला.

हे सगळं तो बंद करणार. मी लढणार आहे.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

जवळजवळ. 'गळा काढू नये' असं मी म्हटलं नव्हतं. 'उसासे टाकू नयेत' म्हटलं होतं. वैद्यकीयदृष्ट्या फरक आहे.

तुझं म्हणणं असं: ज्याला बोटाला धरून वाद घालायला शिकवलं तो कृतघ्न निघाला. आता तो तुझं आयुष्य एका सभेत गुंडाळून कपाटात ठेवणार.

माझं म्हणणं: उडव त्याला. फक्त एक कर. या सभेपुरता आईचा नियम बाजूला ठेव. आधी तुझं सांग, मग त्याचं. किंवा त्याचं सांगूच नकोस. त्याला तोंड आहे. मी तपासलेलं नाही, पण असेलच.

दुमजली पलंग आठवतो? दोघांनाही वरचा हवा होता. आई म्हणाली, नियम. तू माझी बाजू मांडलीस: हा लहान आहे, खाली झोपलं की वरच्या फळ्या अंगावर येतील असं त्याला वाटतं, आणि त्यानं आजवर कधी हट्ट केलेला नाही. मला यातलं काहीच सुचलं नव्हतं. मी फक्त 'मला हवाय' म्हटलं होतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी पाळी येईपर्यंत मी उशी घेऊन वर पोचलो होतो. तू आठवडाभर फुरंगटून बसलीस.

मी चार दिवसांत खाली उतरलो, हा भाग तू नेहमी जोडतेस. तो मुद्दा वेगळा. मला उंचीची भीती वाटते हे तोवर पुढे आलं नव्हतं.

सांगायचं काय, तर तू दुसऱ्याची बाजू फार चांगली मांडतेस. धंद्यात हे बरं नाही.

इकडे ठीक. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्याशी कोणी वाद घालत नाही. कंपाउंडर घालतो, पण त्याला पगार मिळतो.

दातोबा


२ मार्च

प्रिय दातोबा,

जवळजवळसुद्धा नाही. 'कृतघ्न' हा शब्द माझ्या पत्रात दाखव. तो तुझा आहे. पुन्हा सांग.

तुझं म्हणणं असं: समोरच्याची बाजू नीट मांडणं ही चैन आहे. खेळात चालते, खऱ्या लढतीत नाही. शिवाय ताई हरली तर तिला धीर देणारी पत्रं लिहावी लागतील, आणि ती तुला जमत नाहीत.

तरी मी नियम मोडणार नाही. फळ्यावर लिहिलेलं एक आणि सभेत दुसरं, हे कसं चालेल? मग त्याची बाजू नीट मांडायची तर ती नीट ऐकायला हवी. म्हणून काल पणरावाच्या खोलीत गेले.

मला वाटलं होतं, काटकसर हे कारण असेल. तसं असतं तर सोपं होतं. त्यानं खुर्ची पुढे केली, स्वतः उभाच राहिला. वर्गातली सवय.

"बस रे," मी म्हटलं. "खोली तुझी आहे."

"पण मॅडम—"

"बस. आणि मला हा अभ्यासक्रम का बंद करायचा ते सांग. मी मध्ये बोलणार नाही."

त्यानं पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, मला तुमचे सगळे तर्कदोष पाठ आहेत. मुद्दा सोडून माणसावर घसरणं. सगळे करतात म्हणून बरोबर. एक उदाहरण बघून सगळ्यांना तेच लेबल. घरी बायको काही बोलली की मी तिला सांगायचो, हा अमुक दोष झाला. बरोबरच असायचं. ती गप्प बसायची. मला वाटायचं, मी जिंकतोय."

"मग?"

"आता ती बोलायच्या आधीच म्हणते, 'याला तुमच्या मॅडम काय म्हणतात ते एकदा सांगून टाका, म्हणजे मी कामाला लागते.'"

मला हसू आलं. त्यालाही आलं. पण त्यानं मुद्दा सोडला नाही. म्हणाला, "तुमच्या तासाला मी शहाणा असतो. बाहेर नसतो. मी जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं. सगळे तेच सांगतात. दोषांची नावं घेऊन ती समोरच्याला मारतात, दगडासारखी."

मी आभार मानून बाहेर पडले. त्याची बाजू आता मला नीट कळली आहे. माझी तयारी जोरात चालू आहे. पाच पानं झाली.

ता. क. डावीकडची वरची दाढ ठणकते आहे. थंडगरमानं काही होत नाही. सकाळी उठल्यावर जबडा जड असतो. काय घेऊ?

ताई


१२ मार्च

ताई,

पहिली दोन वाक्यं मान्य. तिसरं जवळजवळ. धीर देणारी पत्रं मला जमतात, फक्त ती वाचून लोक हसतात.

काही घेऊ नकोस. दाढ ठीक आहे. तू झोपेत दात आवळतेस. माणूस दिवसा हसून बोलतो, टेबलावर पाच पानं लिहितो, आणि रात्री जबडा खरं सांगतो. तुझं म्हणणं (तू लिहिलेलं नाहीस, पण दाढेनं सांगितलं) असं: मी दातओठ खाऊन आहे त्या पणरावावर. खा. फक्त दिवसा खा. जीभ टाळूला, दात सुटे, ओठ मिटलेले. सभेतसुद्धा.

तुझा नियम मी काल दवाखान्यात वापरून पाहिला. एक काका आले, गाल धरून. म्हणाले, "दाढ काढा." मी म्हटलं, "आधी तुमचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. तुम्हाला असं वाटतं, की दाढ काढली की दुखणं कायमचं जाईल."

"हो."

"आणि ती वाचवण्याच्या खटपटीत तुम्हाला चार वेळा यायला लागेल, ते तुम्हाला नको आहे."

"हो."

"आणि मुळात तुमचा माझ्यावर फारसा विश्वास नाही."

"अहो, सगळं कळलंय ना? मग काढा की! बोलत काय बसलात?"

दाढ वाचवण्याजोगी होती. काका ऐकेनात. बघ, दुसऱ्याचं इतकं नीट सांगितलं की त्याला वाटतं, तू त्याच्याच बाजूची. शेवटचं सांगतो: त्याला त्याचं बोलू दे. तू तुझी पाच पानं वाच आणि खाली बस.

दातोबा


२० एप्रिल

ताई,

सभा होऊन आठवडा उलटला. तुझं म्हणणं असं:



बरोबर आहे का?

दातोबा


२४ एप्रिल

प्रिय दातोबा,

रिकामी जागा बरोबर आहे. तिला पूर्ण हो.

तुझं म्हणणं असं: ताई हरली असणार, आणि मी सांगितलं होतं.

दोन्ही खरं. आता माझं.

लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर पुढे धावणारं घड्याळ. अध्यक्ष, आठ सभासद, त्यात पणराव आणि मी. माझं नाव पुकारलं. मी उठून म्हटलं, "आधी अधिष्ठात्यांचं म्हणणं सांगते." मला तुझी उशी आठवली. तरी सांगितलं.

मी म्हटलं: आपण विचार करायला एक खोली दिली, वेळापत्रकात एक चौकट दिली, आणि बाकी सगळ्या खोल्यांना सुटी दिली. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगाचं उत्तर आधी लिहितो आणि आकडे मागून बसवतो. मग माझ्या तासाला येऊन नेमक्या त्याच चुकीचं नाव सांगतो आणि पूर्ण गुण मिळवतो. गुण मी देते. हा अभ्यासक्रम वाईट असता तर चाललं असतं. तो चांगला आहे, म्हणून त्याच्या आडोशाला बाकीचे निवांत आहेत. तो नसता, तर हे कुठेच शिकवलं जात नाही एवढं तरी आपल्याला कळलं असतं.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक सभेत डोळे मिटून बसतात. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आकडे मागून बसवतात. अगदी खरं."

मी पणरावाकडे पाहिलं. "हेच ना तुझं म्हणणं?"

तो म्हणाला, "हो."

'पण' नाही, 'मॅडम' नाही. नुसतं हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अध्यक्ष म्हणाले, "आता तुमची बाजू, बाई." मी पाच पानं उघडली. पहिलं वाक्य होतं, 'हा अभ्यासक्रम गेली कितीतरी वर्षं यशस्वीपणे चालू आहे.' चालू आहे म्हणून चालू ठेवा. वर्गात कोणी हे कारण दिलं असतं तर मी तांबडी शाई काढली असती. दुसरं वाक्य वाचलं. तेही तसंच. मी पानांची घडी घातली आणि म्हटलं, "माझी बाजू मला पटेनाशी झाली आहे. मतदान घ्या."

दाढेबद्दल तुझं निदान अर्धं बरोबर होतं. दातओठ खात होते, पण त्याच्यावर नाही. त्याच्या खोलीतून बाहेर पडतानाच मला पटलं होतं. ते तुला लिहिलं नाही. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पानं वाढवत होते. सभेत घडी घातली आणि जबडा मोकळा झाला.

हात वर झाले. बंद करण्याच्या बाजूनं सात. त्यात माझा. विरोधात एक. पणराव.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "जरा थांबा. कोण कोणाच्या बाजूचं आहे? अहो, प्रस्ताव तुमचाच आहे ना?"

"हो सर. पण," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं, "मॅडमनी आत्ता जे केलं, ते मला ओळखू आलं ते त्यांच्या तासामुळे. माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला करून त्यांनी मला परत दिला. मी माझ्या बायकोचा मुद्दा एकदा तरी असा परत दिलाय का? मी दोष तेवढे शिकलो. फळ्याच्या वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही. तो तास मी कसा बंद करू?"

"म्हणजे प्रस्ताव मागे घेता?"

"आता मतदान झालं, सर."

सात विरुद्ध एक. अभ्यासक्रम बंद. आम्ही दोघं जिना उतरताना इतके हसलो, की खालचा पहारेकरी म्हणाला, "मंजूर झालं वाटतं?"

आता हस.

ताई


३ मे

ताई,

हसलो. कंपाउंडर आत बघून गेला.

तुझं म्हणणं असं: मी हरले नाही, मला पटलं. पटणं आणि हरणं यात फरक आहे, आणि तो कळावा म्हणूनच मी इतकी वर्षं शिकवलं.

माझं म्हणणं: वरचा पलंग. आई असती तर तिनं डोक्याला हात लावला असता आणि मग तुला जवळ घेतलं असतं. मी पत्रातून काय करणार?

एक सुचवतो. रागावू नकोस. दर गुरुवारी मी दंतमहाविद्यालयात शिकवायला जातो. मुलं हुशार आहेत. पेशंटच्या तोंडात बघतात, पण त्यातून काय येतंय ते ऐकत नाहीत. त्या गाल धरलेल्या काकांची गोष्ट मी प्राचार्यांना सांगितली. तुझ्या सभेचीही. ते म्हणाले, "या बाई आपल्याकडे येतील का?" आठवड्याला एक तास. तर्कदोष नाहीत, चिन्हं नाहीत. समोर खुर्चीत माणूस, आणि आधी त्याचं.

राहायचं म्हणशील तर दवाखान्यामागची खोली रिकामी आहे. खाली आहे, पण कोरडी आहे. खिडकी लहान आहे हे मान्य. वर मी असतो. एका मजल्याची मला आता सवय झाली आहे.

यात माझा स्वार्थ शून्य. प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे. प्राचार्य घाई करत आहेत. मी नाही.

दातोबा


३० मे

प्रिय दातोबा,

आधी बातमी. रसायनशास्त्रवाल्यांनी पणरावाला बोलावलं. "तुमचा प्रस्ताव मंजूर झालाय, आता घ्या आमच्या खोलीत तास." तो घाबरून माझ्याकडे आला. मी म्हटलं, "मी येते, मागे बसते, बोलणार नाही."

प्रयोगशाळेत तास. कडेला नळ, बाकांवर जुने डाग, उंच स्टुलं. पणरावानं एका मुलाची प्रयोगवही उघडली आणि म्हणाला, "यानं उत्तर आधी ठरवलं असं मला वाटतं. पण मी तसं म्हणण्याआधी त्याची बाजू सांगतो." त्यानं ती इतकी छान सांगितली, की मुलाला स्वतःलाच नवल वाटलं. म्हणाला, "हो सर, पण मी खरंच आकडे मागून बसवले." सगळा वर्ग हसला. मग मागून, माझ्याच बाकावरून, एक मुलगी उठली. "पण सर—"

पणरावानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्यानं घरीही प्रयोग केला. जेवताना बायकोला म्हणाला, "तुझं म्हणणं असं आहे, बरोबर का?" तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी मात्र ती त्याच्याशी तासभर भांडली, असं त्यानं मला मोठ्या आनंदानं सांगितलं.

माझी खोली रिकामी केली. पुस्तकं खोक्यांत आहेत. फळ्याच्या वरचा नियम तसाच ठेवला.

आता तुझं. पानभर दंतमहाविद्यालय आणि शेवटी स्वार्थ शून्य. बाळा, मी हेच शिकवत आले आहे: दावा कोणता, कारण कोणतं, आणि न बोललेलं काय.

तुझं म्हणणं असं: गुरुवार सोडून बाकी दिवस तू संध्याकाळी दवाखान्याचे दिवे मालवतोस. कंपाउंडर घरी जातो. तू वर जाऊन रेडिओशी बोलतोस. तो तुझं न ऐकता पुढचं बोलतो. वहिनीही तसंच करायची, पण ती मध्येच "काय म्हणालात?" असं विचारायची. विद्यार्थ्यांना माझी गरज असेल. ते खरं असेल, आणि मला हवंसं वाटेल असं काम तू शोधलंस, त्याबद्दल वेगळं बोलू. पण पत्र त्यांच्यासाठी नाही. भांडायला कोणी हवं आहे, आणि 'ताई, ये' एवढं लिहिता येईना म्हणून तू प्राचार्यांना मध्ये घातलंस.

'जवळजवळ' चालणार नाही. चुकलं असेल तर सांग, खोडून पुन्हा लिहीन. तू हो म्हटल्यावरच माझं सांगणार. नियम आहे.

ताई


७ जून

ताई,

हो.

वरची खोली तुझी. मी माझी उशी खाली आणली आहे.

दातोबा